टाळी आणि पंगत

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले असता तानसा नदीच्या काठी अकलोली या गावी जाण्याचा आम्हांस योग आला. वाचकांपैकी पुष्कळांस हे गाव ऊन पाण्याच्या कुंडांमुळे ठाऊक असेल. भिवंडी तालुक्याच्या या टोकास, वज्रेश्वरी व गणेशपुरी यांच्या शेजारी, जमिनीतून ऊन पाणी आपोआप वर येते. आणि सांधे धरलेली म्हातारी माणसे, दमलेले शेतकरी व मुंबईचे प्रवासी तेथे अंग शेकावयास येतात. भात कापून झाले होते. मोकळ्या खाचरात मुलांनी फक्कीच्या रेषा आखून कबड्डी मांडली होती, आणि पलीकडच्या पाड्यावरून तारप्याचा सूर येत होता. आम्ही बांधावर बसून बराच वेळ तो खेळ पाहिला व तो सूर ऐकला.

खेळ संपल्यावर एक तरुण आमच्याजवळ येऊन बसला. तो भिवंडीच्या एका गोदामात मालाची चढउतार करतो. त्याच्या अंगातील बनियनवर शिकागो नगराचे नाव व 23 हा आकडा छापलेला होता. "हा आकडा कोणाचा?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "तिकडच्या एका मोठ्या खेळाडूचा, पाळकसाहेब. काळा माणूस आहे. मोबाइलवर त्याचे जुने खेळ पाहतो मी." मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "तिकडच्या दाबलेल्या लोकांनी खेळून आणि गाऊन मान मिळवला, असे म्हणतात. खरेच मान मिळतो का हो? की नुसती टाळी मिळते?"

त्या वेळी आम्ही काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. परंतु घरी येताना त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटी मोठा नीतीचा प्रश्न दडला आहे. मनुष्याच्या गुणाचे कौतुक करणे आणि त्या मनुष्याला आपला भाऊ मानणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? एकीच्या मागून दुसरी आपोआप येते काय? याविषयी आज आपण शांतपणे विचार करू.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. त्या देशात खेळ व संगीत यांना जे स्थान आहे, ते आपल्याकडील जत्रा व कीर्तन यांच्या स्थानाहून कमी नाही. तेथे बहुतेक शाळांस क्रीडांगण असते, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी शाळेचे वाद्यपथक गणवेश घालून मैदानात उतरते. सामन्याच्या आरंभी राष्ट्रगीत होते. ज्यांची भाषा, धर्म व मूळ देश निरनिराळे, असे लोक तेथे एका बाकावर बसून एकाच संघासाठी ओरडतात. आज आपल्या गावांतून सायंकाळी जो व्हॉलीबॉल खेळतात, तोही तेथलाच आहे. 1895 साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी तो शोधून काढला. त्याच्या चार वर्षे आधी, 1891 साली, त्याच प्रांतातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. नेस्मिथ हे जन्माने कॅनडाचे, व त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला होता. हिवाळ्यात घरात कोंडलेल्या दांडग्या मुलांस आपसांत मारामारी न करता खेळता यावे, म्हणून त्यांनी फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या व तेरा नियम लिहून काढले. हे दोघेही तरुणांच्या ख्रिस्ती संघाचे शिक्षक होते. अंगातील जोम नियमाखाली आणावा, हा त्यांचा हेतू होता.

हे सर्व चांगलेच आहे. परंतु त्या तरुणाचा प्रश्न याच्याही पुढे जातो. तेथील काळ्या लोकांस या खेळाने व या संगीताने काय दिले?

1865 साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल नगरी, मुक्त झालेल्या लोकांसाठी, मिशनच्या मदतीने फिस्क नावाची शाळा उघडली. पाच वर्षांत ती पैशावाचून बुडावयाच्या बेतास आली. तेव्हा 1871 साली तेथील एक शिक्षक नऊ तरुण विद्यार्थ्यांचे गायनपथक घेऊन गावोगाव निघाले. त्यांत बहुतेक स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. त्यांचे आईबाप शेतात राबताना व रात्री गुप्तपणे प्रार्थनेस जमल्यावर जी गीते गात, ती परक्यांसमोर गावयास ही मुले आरंभी कचरत असत. ते घरातले रडणे चव्हाट्यावर कसे आणावे, असे त्यांस वाटे. परंतु जेव्हा ती गाइली, तेव्हा ऐकणारे अश्रू ढाळू लागले. पुढे या पथकाने अमेरिकेच्या अध्यक्षांपुढे व 1873 साली इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायन केले. त्या पैशातून शाळेची जी भव्य इमारत उभी राहिली, ती आजही उभी आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. ज्या गावी रात्री त्यांच्या गाण्याने लोक रडत, त्याच प्रवासात अनेक विश्रांतिगृहांनी त्यांस खोली देण्याचे नाकारले. कान त्यांचे गाणे घेत होता, पण दार त्यांच्या देहास आत घेत नव्हते. पन्नास वर्षांनंतरही यात फारसा फरक पडला नव्हता. 1920 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क नगराच्या हार्लेम भागात 'कॉटन क्लब' नावाचे एक प्रख्यात रंगगृह होते. ती वस्ती काळ्या लोकांची होती. रंगमंचावर गाणारे, वाजवणारे व नाचणारे काळे होते. प्रेक्षक म्हणून मात्र गोऱ्यांनाच प्रवेश होता. आपल्याच वस्तीत, आपल्याच भावाचे गाणे ऐकण्यास त्या लोकांस मज्जाव होता. 1939 साली मेरियन अँडरसन या थोर गायिकेस राजधानीतील एका मोठ्या सभागृहाने त्यांच्या वर्णामुळे जागा नाकारली. तेव्हा पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, 9 एप्रिल रोजी, अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर त्या उघड्या आकाशाखाली गायिल्या, आणि सुमारे 75,000 लोक ऐकावयास जमले.

खेळाची कथाही अशीच आहे. बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ. परंतु त्याच्या मुख्य संघांतून काळ्या खेळाडूंस साठ वर्षांच्या वर वगळले होते. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन हे ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरले आणि ती भिंत पडली. त्यांस शिव्या खाव्या लागल्या. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. काही गावी संघाच्या इतर गड्यांबरोबर त्यांस राहू दिले नाही. उलट हात न उगारण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि आरंभीची कठीण वर्षे ते पाळले. दोनच वर्षांनी ते आपल्या मंडळातील सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले. आज दर वर्षी 15 एप्रिलला त्या देशातील मुख्य संघांचे सर्व खेळाडू त्यांचा 42 हा आकडा पाठीवर घालतात. मग येथे तरी टाळीतून बंधुत्व निघाले असे म्हणावे काय? 1972 साली, मृत्यूच्या वर्षी, त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी खेदाने कबूल केले आहे की, राष्ट्रगीत चालू असता आपणांस उभे राहून गाता येत नाही, ध्वजास वंदन करता येत नाही. कारण गोऱ्यांच्या जगात आपण अजून एक काळा मनुष्यच आहो. वाचकहो, हे कोणा हरलेल्या मनुष्याचे गाऱ्हाणे नव्हे. ज्यास सर्वांत मोठी टाळी मिळाली, त्याचे हे शब्द आहेत.

परंतु परदेशाचे दोष दाखवण्यात काय पुरुषार्थ? आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ज्या काळी रॉबिन्सन यांचा जन्मही झाला नव्हता, त्या काळी पुण्यास बाळू पालवणकर नावाचा एक तरुण क्रिकेटच्या मैदानाची देखरेख करी. तो चर्मकार समाजातला. इंग्रज साहेबांस फलंदाजीचा सराव व्हावा म्हणून तो डाव्या हाताने त्यांस तासन् तास चेंडू टाकी, आणि असे करता करता तो हिंदुस्थानातील श्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक झाला. साहेबांस हरवावयाचे तर बाळूवाचून गत्यंतर नाही, हे ध्यानात आल्यावर पुण्याच्या हिंदू मंडळींनी बऱ्याच वादानंतर त्यास आपल्या संघात घेतले. मैदानावर चेंडू त्याच्या हातून इतरांच्या हाती जाई, तेव्हा कोणास विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली, की इतरांस मंडपात कपातून चहा मिळे, आणि बाळूस मंडपाबाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून. चेंडूस जात नव्हती, कपास मात्र होती!

1906 साली मुंबईस हिंदू संघाने युरोपियनांस हरवले, त्यात बाळूंचा मोठा हात होता. 1911 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला, तेथे त्यांनी शंभरांहून अधिक गडी बाद केले. परत आल्यावर त्यांचे सत्कार झाले. तरीही हिंदू संघाचे नायकपद त्यांस रीतसर कधीच देण्यात आले नाही. पुढे 1920 साली त्यांच्या शिवराम व विठ्ठल या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांस जाग आली. आणि 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले. ध्यानात घ्या, वीस वर्षांच्या उत्तम गोलंदाजीने जे साधले नाही, ते एका स्पष्ट नकाराने साधले. टाळी आपोआप पिकून पंगत झाली नाही. कोणी तरी उठून, "आम्हांस तुमचे कौतुक नको, न्याय पाहिजे," असे म्हणावे लागले. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, 1927 साली, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्याकरिता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो लोकांस चालत जावे लागले. मैदानाचा नायक एकाच समाजातला झाला म्हणून तळ्याची वाट खुली झाली नव्हती.

गायनवादनाविषयी तर बोलावयासच नको. आपल्या खेड्यांत वाजंत्र्यावाचून लग्न शोभत नाही. हलगी व सनई वाजवणारा वराच्या पुढे चालतो. वराचा बाप त्याच्या मागे चालतो. अंगणात मान असा, की त्याने तोंडातली सनई काढली तर वरात थांबेल. पण पाने वाढली म्हणजे तो कोठे असे? आपल्या वडिलांनी जे पाहिले ते आठवा. मांडवाबाहेर, सर्वांच्या मागून, उरलेले. ज्याच्या सुराने लग्न साजरे झाले, त्याच्या हातचे पाणी चालत नसे.

तर मग खेळ व गाणे हे व्यर्थच काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट त्यांच्याइतके चांगले शिक्षक थोडे. कबड्डीच्या रेषेकडे पाहा. ती श्रीमंताच्या मुलास अर्धा हात पुढे सरकू देत नाही. ज्याचा दम तुटला तो बाद. मग तो पाटलाचा असो की पाड्यावरचा. ज्यास पकडावयाचे त्याचे घामेजलेले अंग दोन्ही हातांनी धरावेच लागते. दुरून पकड होत नाही. तसेच गाण्याचे. दोघांनी एक सूर लावावयाचा तर एकमेकांकडे कान द्यावा लागतो. मोठ्याने ओरडणारा गोड गाणाऱ्याचा नाश करतो. तारप्याच्या नाचात तर पाहणारे व नाचणारे असा भेदही फारसा उरत नाही. दुधी भोपळ्याचे व बांबूचे ते वाद्य मध्ये वाजत असते, आणि एकमेकांच्या कमरेस हात घालून सारा पाडा त्याभोवती फिरतो. त्यात पहिला कोण व शेवटचा कोण, हे कसे सांगावे? म्हणून आम्ही म्हणतो की खेळाने व गाण्याने मनुष्यास समतेचा धडा मिळतो खरा. परंतु धडा पाठ होणे निराळे व त्याप्रमाणे वागणे निराळे. मैदानाचा नियम पंच पाळवून घेतो. घराच्या उंबऱ्यावर पंच नसतो. तेथे ज्याचा त्यानेच न्याय करावयाचा असतो.

आणखी एक धोका आहे, व तो अधिक सूक्ष्म आहे. समजा, टाळीमुळे खरोखरच दार उघडले. तरी कोणाकरिता उघडले? जो जिंकला त्याच्याकरिता. मग ज्याचा चेंडू वळत नाही, ज्याचा गळा गोड नाही, त्याने काय करावे? उत्तम गोलंदाज आहे म्हणून त्यास कपातून चहा देणे, याचा अर्थ वाईट गोलंदाजास मातीच्या भांड्यातून देणे योग्यच होते, असा होईल. आज 2014 पासून आपल्या कबड्डीच्या मोठ्या स्पर्धेसाठी खेळाडूंवर लिलावात बोली लागते. गड्यांच्या हाती पैसा येतो ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. तथापि आईबापांनी आपल्या मुलाची किंमत त्या बोलीवरून करू नये. गुणाला किंमत असते, मनुष्याला ती लावता येत नाही. ज्या मुलास खेळता येत नाही, तोही कोणाचा तरी मुलगा आहे, आणि भूक त्यासही तितकीच लागते. पंगतीत पान मांडताना कोणी किती गुण मिळवले हे विचारीत नाहीत. भूक आहे की नाही इतकेच पाहतात. म्हणून टाळीपेक्षा पंगत श्रेष्ठ.

आता आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट सांगावी लागते. ती न सांगता वरील सर्व लिहिणे ढोंगीपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी एका गावी मंडळीचा मेळा होता. त्या गावाचे नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. भजनास ढोलकी वाजवणारा आजारी पडला, म्हणून जवळच्या कातकरी वस्तीतून एका मनुष्यास बोलावून आणले. त्याने अशी ढोलकी वाजवली की म्हातारी माणसेही ताठ बसून टाळ्या देऊ लागली. आम्ही उभे राहून सर्वांसमोर त्याची स्तुती केली. पुढे जेवणाची पाने मांडली. आम्ही पहिल्या पंगतीस बसलो. दोन घास झाल्यावर ध्यानात आले की तो मनुष्य ओसरीच्या खाली, ढोलकी मांडीवर घेऊन बसला आहे, आणि कोणीतरी त्यास पत्रावळीवर वेगळे वाढून दिले आहे. त्यास तेथे बस म्हणून कोणी सांगितले नव्हते. आणि वर ये असेही कोणी म्हटले नव्हते. आम्ही पाहिले. उठावे असे मनात आले. यजमानांस काय वाटेल, या विचाराने आम्ही उठलो नाही. आणि भात संपवला.

त्या पंगतीत बसलेल्या कित्येकांच्या आजोबांस गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती. जे दुःख आपल्या घराने तीन पिढ्यांपूर्वी भोगले, ते त्या दिवशी आपल्याच ओसरीखाली बसले होते, आणि आपण ते ओळखले नाही. पुढे आम्ही त्या मनुष्याचा तपास केला. तो कुटुंबासह कोठल्याशा वीटभट्टीवर कामास गेला, तो पुन्हा त्या वस्तीत परतला नाही, असे कळले. क्षमा मागावयाचे राहून गेले. आमची ती स्तुती त्यास आठवत असेल की नाही कोण जाणे. पत्रावळ मात्र आठवत असेल.

म्हणून अकलोलीच्या त्या तरुणास आमचे उत्तर असे आहे. बाळा, खेळाने व गाण्याने टाळी मिळते, आणि टाळी वाईट नाही. तू खेळ, जोमाने व नियमाने खेळ. परंतु मान हा तू कमवावयाचा पदार्थ नव्हे. तो तुझ्या जन्माबरोबरच तुझा आहे, आणि जो तो अडवून धरतो तो तुझे देणे बुडवतो. त्याकरिता तू जिंकलेच पाहिजेस, असे कोणी म्हणेल तर ऐकू नकोस. तसेच, ज्यास तू मैदानात पाडलेस त्यास हात देऊन उठवल्यावर, त्याच्याच तांब्याने पाणी पी, व आपल्या तांब्याने त्यास पाज. तेथे तुझा खरा सामना सुरू होतो.

आणि आम्हां पाळकांस, शिक्षकांस व मंडळीच्या वडिलांस इतकेच सांगणे आहे. पुढल्या मेळ्यास जेव्हा ढोलकी वाजेल, पेटी वाजेल, तरुणांचे सामने होतील, तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी पंगतीची व्यवस्था पाहावी. वाजवणारे कोठे बसणार, हरलेला संघ कोठे बसणार, ज्यास काहीच येत नाही तो कोठे बसणार, हे विचारावे. पान कोणाचे मांडले नाही, हे पाहण्याकरिता यजमानांनी एक वेळ शेवटी जेवावे. आम्ही तसे करण्याचे ठरवले आहे. आणि ओसरीखाली कोणी बसलेला दिसला, तर या वेळी आम्ही भात संपेपर्यंत थांबणार नाही.